दाराचे पैसे

"दाराचे पैसे वेगळे धरतात का गं?" आबांनी विचारलं.

महूच्या घराचा ओटा, रविवारची दुपार, पाऊस नुकताच उघडलेला. मी दर रविवारी इंदूरहून येते आणि कामाच्या फायली बरोबर आणते, कारण सोमवारी सकाळी हप्त्यांची यादी द्यावी लागते. घरकुल योजनेतल्या साइट बघणं हे माझं काम. जोतं झालं की फोटो, लिंटलला फोटो, स्लॅब भरला की फोटो. फोटो जागेच्या खुणेसकट वर चढला की पुढचा हप्ता सुटतो. दारं-खिडक्यांच्या पैशांचं आठवड्यातून चारदा तरी कोणीतरी विचारतंच. मी मान वर न करताच म्हटलं, "वेगळे नसतात. शेवटच्या हप्त्यातच धरलेले असतात."

"इथलं नाही," आबा म्हणाले. "तिकडचं. जाफन्याचं."

तेव्हा मी मान वर केली.

थोड्या वेळापूर्वी मीच बोलता बोलता सांगितलं होतं, की आपल्या सरकारने श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागात ४६,००० घरांना पैसे दिले, आणि त्याची रीत बरीचशी आमच्या कामासारखीच आहे. तेव्हा ते काही बोलले नव्हते. उठून कुंड्यांत साचलेलं पाणी ओतून आले, चहाचा कप आत ठेवून आले. विषय संपला असं मला वाटलं. जाफना हा शब्द आमच्या घरात नेहमी असाच येतो. कोणी धरला नाही तर निघून जातो.

आबा, म्हणजे माझे वडील, महार रेजिमेंटचे. महूत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. काळी पलटन हा आमच्याकडे पत्ता आहे आणि वारसाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार इथेच पलटणीच्या शाळेत शिकवत होते, म्हणून १४ एप्रिल १८९१ ही तारीख या गावाची झाली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे तिचं केंद्र सागरला आलं, आणि आबांनी तिथेच रंगरूट म्हणून घाम गाळला. १९८७ साली ते लान्सनायक होते, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि मी आईच्या पोटात.

पलटन लंकेला जाणार हे कळलं तेव्हा आमची आजी खूश झाली होती. तिच्यासाठी लंका म्हणजे अशोकाच्या मुलीचा, संघमित्रेचा देश. बोधिवृक्षाची फांदी जिथे नेऊन लावली तो देश. १९५० साली बाबासाहेब स्वतः बौद्ध परिषदेसाठी कँडीला जाऊन आले होते, हे तिला कोणीतरी विहारात सांगितलेलं. तिने मुलाला निरोप पाठवला, येताना बोधीचं एक पान आण. ते झाड अनुराधपूरला आहे. आबांना जाफना द्वीपकल्पाच्या बाहेर पाऊल टाकायला मिळालं नाही. पण संघमित्रा ज्या बंदरात उतरली असं सांगतात ते जंबुकोळ जाफन्याच्याच उत्तर किनाऱ्यावर आहे, आणि पलाली विमानतळ, जिथे आपली शांतिसेना उतरली, तिथून जवळच. हे आबांना मी सांगितलं, तीसेक वर्षांनी. "मग जवळून गेलो असेन," एवढंच ते म्हणाले.

ही हकिगत आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना नीट ठाऊक नसते. मलाही नव्हती. घरात एक माणूस तिथे लढून आलेला, आणि मी शाळेत असताना लंकेबद्दल फक्त क्रिकेट बोलायचे.

१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांवर दंगली झाल्या, हजारो माणसं समुद्र ओलांडून तामिळनाडूत आली. त्याच सुमारास आपल्या सरकारने तमिळ बंडखोर गटांना आपल्या भूमीवर शस्त्रांचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. लिट्टेही त्यांत होती. १९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफन्यावर चढाई केली. आपण होड्यांतून मदत पाठवली, ती त्यांच्या नौदलाने परतवली. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, आपल्या मालवाहू विमानांनी जाफन्यावर धान्य आणि औषधं टाकली, आणि त्यांच्या सोबतीला मिराज २००० लढाऊ विमानं होती. मिराजचं घर आपलं ग्वाल्हेर. आत्याच्या मुलाने मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की त्या वेळी ग्वाल्हेरची विमानं लंकेवर गेली होती. त्याला तेवढंच माहीत होतं.

मग २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तो देश हा करार कसा घेतोय ते तेव्हाच दिसलं होतं. त्याच दिवशी आपली फौज पलालीला उतरायला लागली.

मी तो करार वाचला आहे. त्यात हत्यारं कधी खाली ठेवायची, प्रांतांची परिषद कशी करायची, हे सगळं आहे. सह्या दोन सरकारांच्या आहेत. हत्यारं ज्यांनी खाली ठेवायची त्यांची सही नाही. ज्यांच्या अंगणात हे सगळं व्हायचं त्यांना कोणी विचारल्याची खूण नाही. आणि लान्सनायकाला तर कोण विचारतो. आबा एकदा म्हणाले होते, "भांडण दोघांचं, समझोता तिसऱ्यानं केला, आणि राखायला चौथे आपण गेलो." मी या विषयावर जे काही वाचलं आहे त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

ऑगस्टबद्दल मात्र आबा मोकळेपणाने बोलतात. लोकांनी गळ्यात हार घातले, कपाळाला कुंकू लावलं. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा. "वांगो, वांगो," म्हणजे या. बटालियनमधला एक तमिळ कारकून संध्याकाळी जवानांना चार शब्द शिकवायचा. आबांनी त्याच्याकडून अक्षरं गिरवायला घेतली. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षराची ओढ मोठी. खिशात एक छोटी वही असायची, त्यात दुकानाच्या पाट्या, बसवरची नावं, जे दिसेल ते उतरवून काढायचे आणि कारकुनाला वाचून दाखवायला सांगायचे. त्यांची चौकी एका शाळेच्या मैदानात होती. मैदानाला लागून एक घर, त्या घरची विहीर, आणि पाणी त्या विहिरीचं.

सप्टेंबरअखेर हवा बदलली. नल्लूरच्या देवळापाशी लिट्टेचा तिलीपन उपोषण करून वारला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेले त्यांचे बारा जण सायनाइड खाऊन मेले. १० ऑक्टोबरला लिट्टेकडून जाफना घ्यायला आपल्या फौजेचं 'ऑपरेशन पवन' सुरू झालं, संचारबंदी लागली, आणि 'वांगो' म्हणणारी गल्ली मुकी झाली.

पुढच्या दोन आठवड्यांचा तपशील लष्करी पुस्तकांत आहे. ११ ऑक्टोबरच्या रात्री विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला. आपल्या जवानांकडे एकेक गोळी झाडणारी जुनी एसएलआर, समोर एके-४७. नकाशे जुने. रस्त्यातल्या मोऱ्यांखाली सुरुंग. आणि समोरच्यांपैकी कित्येक जण आपणच शिकवलेले. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले तमिळ अधिकारी, शोधमोहिमेवरून परतताना गोळ्यांनी पडले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. त्यांना परमवीरचक्र मिळालं. आबा त्यांचा उल्लेख करताना अजून सावधान होऊन बसतात.

पण त्याच ऑक्टोबरात, २१ आणि २२ तारखेला, जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात आपले जवान शिरले आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठ-सत्तर माणसं मारली गेली. त्या इस्पितळात दर वर्षी त्यांचं स्मरण करतात. मला हे कळलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. रात्रभर झोप आली नाही. पुढच्या रविवारी मी आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "आम्ही दुसऱ्या बाजूला होतो." मग बराच वेळ गेला. मग म्हणाले, "हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे."

मी त्यांच्यावर जेवढं प्रेम करते त्यातलं बरंचसं या वाक्यासाठी आहे.

तीस महिन्यांहून जास्त काळ आपली फौज तिथे राहिली. ऐन भरात ती सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात होती. अकराशेहून अधिक जवान गेले, तीनएक हजार जखमी झाले. शेवटी ज्या सरकारने बोलावलं त्याच देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, निघा म्हणून सांगितलं. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासच्या बंदरात परतणाऱ्या जवानांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री आले नाहीत. त्यांची बाजू मला आज समजते, त्यांच्या लोकांचे नातेवाईक तिकडे मेले होते. पण जहाजातून उतरणाऱ्या शिपायाने ते कसं समजून घ्यावं? त्याला पाठवणारा कोणी दुसराच होता.

सरकारांचं विसरणं माणसांच्या विसरण्यासारखं नसतं. माणूस विसरत नाही म्हणून गप्प बसतो. सरकार गप्प बसतं आणि मग सगळेच विसरतात. कोलंबोजवळ श्रीलंकेने आपल्या या जवानांचं स्मारक उभारलं, दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात त्यांची नावं आहेत, पण ते २०१९ साली झालं. मधली जवळजवळ तीस वर्षं आबांच्या पिढीला हे सांगायलाही जड जायचं, की आपण कुठल्या लढाईत होतो. ना ती जिंकलेली, ना हरलेली, ना आपल्या सीमेवरची.

आता घरांकडे येते, कारण तिथे मला जास्त कळतं.

२००९ च्या मे महिन्यात तिथलं युद्ध संपलं. पुढच्या वर्षी भारताने ५०,००० घरांची घोषणा केली. कर्ज नव्हे, अनुदान. आधी हजार घरं प्रायोगिक म्हणून ठेक्याने बांधली. मग रीत बदलली, आणि मला ती रीत या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. २०१२ पासून उत्तर आणि पूर्वेतल्या घरांसाठी पैसे थेट कुटुंबाच्या बँक खात्यात जायला लागले, टप्प्याटप्प्याने. एका घराला ५,५०,००० श्रीलंकन रुपये, साधारण साडेपाचशे चौरस फूट. गवंडी कोण आणायचा, चूल कुठे मांडायची, दार कुठल्या दिशेला काढायचं, हे मालकाने ठरवायचं. संयुक्त राष्ट्रांची संस्था, रेड क्रॉस असे लोक मदतीला आणि तपासायला. ज्या घरात कर्ता पुरुष उरलेला नाही, बाईच सगळं बघते, अशांचा विचार आधी.

मी दोन्ही प्रकारचं काम बघितलंय. ठेकेदाराने बांधून किल्ली दिलेल्या घरात लोक पहिल्या वर्षी भिंतीला खिळा ठोकायला कचरतात. स्वतः बांधलेल्या घरात बाई मला हाताला धरून नेते आणि सांगते, ही खिडकी मी मोठी करून घेतली, मिस्त्री नको म्हणत होता. पैसे कमी पडतात, हे इथेही खरं आणि तिथेही खरं होतं. सिमेंट-वाळू महागली आणि पुष्कळ कुटुंबांनी घर पुरं करायला कर्ज काढलं. कित्येकांना आधी स्वतःच्या जमिनीवर परत जाणंच जमत नव्हतं. कुठे सुरुंग काढायचे राहिले होते, तर पलालीच्या आसपासची जमीन लष्कराच्या ताब्यात होती आणि तुकड्या-तुकड्याने सुटत होती. घोषणेपासून पहिल्या हप्त्यापर्यंत लागलेला वेळ मला अक्षम्य वाटतो. तीन पावसाळे ताडपत्रीखाली काढणं म्हणजे काय, ते फाइल पुढे सरकवणाऱ्याला कळत नाही. तरीही घरं झाली. पन्नास हजारांतली उरलेली चार हजार चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या मजुरांसाठी होती, आणि पुढे ती वाढवली.

रेल्वेचं थोडक्यात सांगते. आपल्या रेल्वेच्या इरकॉन कंपनीने उखडलेला उत्तरेचा मार्ग पुन्हा टाकला, तो कर्जाच्या पैशांतून, आणि १३ ऑक्टोबर २०१४ ला 'याळ देवी' गाडी जवळजवळ पाव शतकाने जाफन्याला पोचली. ज्या पलालीला आबा उतरले तिथून २०१९ मध्ये चेन्नईचं विमान सुरू झालं.

आणि एक रुग्णवाहिका सेवा. २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून सुरू झाली, दोन वर्षांनी उत्तरेतही गेली. फुकट मिळते, फोन केला की येते. तिचा क्रमांक १९९०. ज्यांनी तो निवडला त्यांच्या मनात हे नसणार, पण मी तो आकडा आबांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "आम्ही निघालो ते साल." आज जाफन्यात कोणाच्या आईच्या छातीत दुखलं तर तिचा मुलगा हाच आकडा फिरवत असेल.

माझ्या मनात बरेच दिवस हे सगळं दोन वेगळ्या फायलींत होतं. एकीवर फौज, दुसरीवर मदत. पहिली दुःखाची, दुसरी समाधानाची. आबांच्या त्या प्रश्नानंतर मला तसं ठेवता येईना. सरकार तेच आहे. गल्ल्या त्याच आहेत. एकदा ते कुणालाही न विचारता गेलं, दुसऱ्यांदा प्रत्येक घरमालकाला विचारून गेलं. ज्या घरांना पैसे मिळाले त्यांतली काही, पहिल्या वेळी आपणच मोडलेल्या घरांच्या जागी उभी असतील. कुठल्याच अर्जात तसा रकाना नाही.

"कुठलं दार, आबा?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या विहिरीच्या घराचं. लढाई सुरू झाल्यावर घरची माणसं बोचकी घेऊन नल्लूरच्या देवळाकडे गेली. हजारो लोक तिकडेच गेले होते. चौकी मैदानातून त्या घराच्या अंगणात सरकली. मोर्चा खणला, पण वर टाकायला काही नव्हतं. ताडाचे ओंडके अर्ध्याला पुरले. उरलेल्यासाठी दारं काढा, असा हुकूम झाला. मधलं मोठं दार आबांनी काढलं, स्वतःच्या हाताने, पहार लावून. जड, पिवळसर लाकूड. बिजागऱ्या जुन्या होत्या, पटकन सुटल्या. दार आडवं टाकलं, वर मातीची पोती रचली, आणि चौदा दिवस आठ माणसं त्याच्याखाली जगली.

"दार आडवं करताना बघितलं," आबा म्हणाले, "आतल्या बाजूला कोळशानं काही लिहिलं होतं. मी म्हटलं, नाव असेल. पत्ता असेल. परत द्यायचं झालं तर कोणाला द्यायचं, हे तरी माहीत पाहिजे. म्हणून उतरवून घेतलं."

ते आत गेले. लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती छोटी वही मी प्रथमच बघत होते. कोपरे खाल्लेले, शाई पसरलेली. एका पानावर वळणदार अक्षरं, शिकाऊ हाताने गिरवलेली, आणि त्यांच्या खाली रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, असे पुंजके, जसंच्या तसं. कारकुनाला दाखवायचं राहून गेलं होतं. तो तेव्हा इस्पितळात होता. पुढे परत आला नाही. नंतर आबांनी कोणालाच दाखवलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक तमिळ कुटुंब राहतं. ते गृहस्थ लष्कराच्या सिग्नल्सच्या, म्हणजे दळणवळणाच्या कॉलेजात होते, निवृत्तीनंतर महूतच राहिले. मी म्हटलं, चला, काकूंना विचारू. आबा नको म्हणाले. मग म्हणाले, "तू जा." मग चप्पल घालून तेही निघाले.

काकूंनी चष्मा पुसला, वही उजेडाला धरली. पहिला शब्द वाचायला त्यांना वेळ लागला, एक अक्षर आबांनी उलटं काढलं होतं.

"नाव नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "पाल लिहिलंय. पाल म्हणजे दूध. रतिबाचा हिशेब आहे हा, घरोघरी ठेवतात तसा. एक रेघ म्हणजे एक दिवस." मग बोट ठेवून त्यांनी मोजलं. वरच्या ओळीत एकतीस. मधल्या ओळीत तीस. खालच्या ओळीत नऊ.

"पुढे रतीब बंद केला वाटतं," त्या म्हणाल्या आणि वही परत दिली.

आबांनी ती घेतली, तिथेच उभं राहून खालच्या ओळीतल्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या, आणि वही शर्टाच्या खिशात ठेवली.